बंडाला जमीन लागते

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पाटलाची आपल्या डोक्यात दोनच चित्रे आहेत. एक चित्रपटांनी रंगवले: फेटा, मिशा, खांद्यावर बंदूक आणि वाड्याच्या ओसरीवरून गावाला धाक. दुसरे गावोगावच्या गौरवग्रंथांतले: रयतेचा पोशिंदा, दुष्काळात पेव उघडून देणारा, गावचा मायबाप. पहिल्या चित्राची चीड येते, दुसऱ्याचे कौतुक वाटते आणि दोन्हींमुळे विचार थांबतो. दोन्ही चित्रे पाटलाच्या स्वभावाबद्दल बोलतात. तो कशावर उभा होता, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न जुन्नर तालुक्यात, त्यातही ओतूरला विचारण्यासारखा आहे. मांडवी नदीकाठचे हे गाव भाविकांना कपर्दिकेश्वराच्या श्रावणी सोमवारांमुळे आणि तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधीमुळे माहीत असते. सत्यशोधक समाजाच्या इतिहासात मात्र ओतूरचे नाव येते ते भाऊ कोंडाजी डुंबरे पाटील आणि बाळाजी कुसाजी पाटील या दोन पाटलांमुळे. दोघेही घरंदाज, जमीनजुमला असलेले शेतकरी. जोतीराव फुल्यांच्या चरित्रांत त्यांना एखाददुसरा परिच्छेद मिळतो, तोही ‘अनुयायी’ म्हणून.

माझे म्हणणे असे. पुण्याबाहेरच्या ज्या गावांत सत्यशोधक विचार नुसता ऐकला गेला नाही तर टिकला, तिथे त्याला पाठीशी घालणारा सधन, मानाचा शेतकरी होता. भाषण करायला हिंमत पुरते. बहिष्कार, कोर्टकचेरी आणि एक अख्खा हंगाम पडीक सोसायला कोठारात धान्य लागते. आणि ज्या जमिनीने या शेतकऱ्यांना बंड परवडू दिले, तिनेच त्या बंडाची हद्दही आखली.

कागदावर नसलेला माणूस

इंग्लंडात ज्याला सद्गृहस्थ शेतकरी म्हणत, तसा माणूस दख्खनच्या महसुली कागदांत बसत नव्हता. १७९३ मध्ये बंगालात कॉर्नवॉलिसने कायमधारा लावला, त्यामागे जमीनदार आपापल्या इस्टेटी सुधारतील अशी आशा होती. ती फळली नाही. पेशवाई बुडाल्यावर दख्खनात एल्फिन्स्टन आणि त्याच्या मागून आलेल्यांनी दुसरी वाट धरली. सरकार आणि खातेदार यांच्या मध्ये कोणी नको, ही रयतवारी. १८३६ मध्ये इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची पाहणी सुरू झाली. शेताचा नंबर, जमिनीची प्रत, तिच्यावरचा आकार आणि तीस वर्षांची मुदत, असा तिचा साचा होता. या साच्यात बावीस एकरांचा कुणबी आणि दोनशे एकरांचा पाटील हे दोघेही नुसते खातेदार. एकाच्या पावतीवर आकडा मोठा, दुसऱ्याच्या लहान, एवढाच फरक.

कागद सपाट होता, गाव तसे नव्हते. गावात पाटलाचा दर्जा वतनातून येत होता आणि वतन इंग्रजांनी मोडले नाही, त्याला आपल्या कामाला जुंपले. १८६७ च्या कायद्याने पाटलाकडे गावच्या पोलिसाचे काम नेमून दिले. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने त्याचा हक्क, त्याचा मुशाहिरा आणि त्याचा वारस हे सगळे नियमांत बांधले. पूर्वी पाटील गावातर्फे मामलेदाराशी घासाघीस करी. आता तो सरकारतर्फे गावात उभा होता. त्याची सत्ता गेली, चाकरी वाढली आणि मान तेवढा राहिला.

हे सांगायचे कारण असे की, पाटील ‘सरंजामदार’ होता हे विधान या काळापुरते फारच ढिले आहे. सरंजामदाराची स्वतःची सत्ता असते. या पाटलाकडे जमीन होती, मान होता आणि वरून येणारे हुकूम होते. मान असून सत्ता नाही अशा माणसाला अपमान लवकर कळतो. कुलकर्ण्याच्या दप्तरातली ओळ वाचता येत नाही म्हणून अंगठा उठवावा लागतो, हे मजुराला नशीब वाटेल. पाटलाला ती नाचक्की वाटते. फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विद्येच्या अभावापासून शेतकऱ्याच्या नाशाची साखळी मांडली, तेव्हा तिची पहिली कडी कुठे बोचते हे अशा घरांना सांगावे लागले नसेल.

वतन आणि विहीर

‘आधार’ हा शब्द मोघम राहू नये म्हणून तो नेमका कशाचा बनतो ते पाहू.

पहिली गोष्ट पाणी. कुकडी, मीना, पुष्पावती आणि मांडवी यांच्या काठची जमीन सरस आहे, पण ती पिकवायची तर विहीर, मोट, नाडा आणि मोटेचे बैल हवेत. विहीर खणायला आणि बांधायला भांडवल लागते. ते ज्याच्याकडे आहे त्याचे एक पीक पावसावर आणि दुसरे विहिरीवर. ज्याच्याकडे नाही, त्याचा सगळा जीव पावसावर आणि सावकारावर.

दुसरी गोष्ट कर्ज. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाच्या रक्षणाचा होता. झाले असे की दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची वहिवाट पडली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते ६५, कापूस चढला, पैसा खेळला, पत वाढली. युद्ध संपले, भाव उतरले, कर्ज तिथेच राहिले. वर सारा वाढला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या त्यामागे हे सगळे होते. या चरकातून जो सुटला, त्याला सावकाराच्या दारात तोंड उघडताना उद्याच्या बियाण्याची भीती नव्हती. गावात अशी किती घरे असतील? बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतली बहुतेक वतनदारांची.

तिसरी गोष्ट बलुते, आणि माझ्या मते हीच सर्वांत दुर्लक्षित. गावातला बहिष्कार कसा चालतो? न्हावी येत नाही, परीट कपडे नेत नाही, सुतार नांगर भरत नाही, भट दारात पाऊल ठेवत नाही. पण बलुतेदाराचा वाटा शेतकऱ्याच्या खळ्यावरून जातो. सर्वांत मोठे खळे ज्याचे, त्याच्याविरुद्धचा बहिष्कार बलुतेदाराला परवडत नाही. पोळ्याला पाटलाचा बैल पुढे आणि होळीला पाटलाची पोळी पहिली, हे मान वरवर पोकळ दिसतात. त्यांच्या मुळाशी ही खळ्याची देवघेव असते. म्हणूनच गरीब कुणब्याने भटाविना लग्न लावले तर तो वाळीत पडण्याची भीती, आणि पाटलाने लावले तर गावाला विचार करणे भाग.

फुल्यांच्या स्वतःच्या आयुष्याकडेही या बाजूने पाहावे. आपण त्यांना निव्वळ विचारवंत करून टाकले आहे. फुलांचा आणि भाजीपाल्याचा घरचा धंदा, पुढे बांधकामांची कंत्राटे आणि शेती, यांवर त्यांचे घर उभे होते. सरकारी चाकरीच्या पगारावर ते जगत नव्हते. त्यांच्या निर्भीडपणाला हा हिशेब जोडला म्हणजे तो कमी होत नाही, समजतो.

ओतूरचा दावा

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात स्थापन झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचे भटाविना लग्न लागले. पुढचे लग्न हडपसरला, ७ मे १८७४ ला, ज्ञानोबा ससाणे यांचे. पुणे आणि हडपसर म्हणजे फुल्यांच्या हाकेच्या अंतरावर. ओतूर तसे नव्हते. घोडनदी आणि मीना ओलांडून पार जुन्नरपल्याड जायचे. तरीही दुष्काळाच्या दिवसांत, २० एप्रिल १८७७ ला, सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रावर ठिकाण आहे ओतूर, जुन्नर. सत्यशोधक तिथे मदतकार्यात होते. सावकारांशी खटके उडाले, कार्यकर्त्यांची धरपकड झाली आणि कलेक्टरांपर्यंत जाऊन ती सोडवावी लागली, असे ते पत्र सांगते. समाज स्थापन होऊन चार वर्षेही झाली नव्हती आणि इतक्या दूरच्या गावी राहायला, जेवायला, माणसे जमवायला जागा होती. अशी जागा विचारांवर उभी राहत नाही. तिला ओसरी लागते, चूल लागते आणि पंगतीचा शिधा लागतो.

पुढे ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे कार्य ग्रामजोशाला न बोलावता उरकले. जोशाने कोर्टात धाव घेतली. नवव्या दशकातला हा दावा खालच्या कोर्टातून वर वर चढत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ‘वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील’ या नावाने कायद्याच्या पुस्तकांत राहिला. सत्यशोधकांच्या दृष्टीने निकाल विजयाचा होता: ग्रामजोशाविना लग्न लावायला यजमान मोकळा आहे.

या दाव्याकडे आपण ‘धर्मस्वातंत्र्याचा लढा’ म्हणून पाहतो. ते खरे आहे, पण अर्धे. जोशाने कोर्टात काय मागितले? मोक्षाचा किंवा शास्त्राचा प्रश्न त्याने नेला नव्हता. त्याने वतन मागितले. गावच्या लग्नामुंजीची दक्षिणा हा माझ्या घराण्याचा वंशपरंपरेचा हक्क आहे, तुम्ही मला बोलवा न बोलवा, तो मला मिळाला पाहिजे. त्या काळच्या मुंबईच्या न्यायालयांत अशा हक्काला आधार सापडत असे. म्हणजे हा एका वतनदाराचा दुसऱ्या वतनदाराशी झगडा होता. जोशाच्या वतनाची ताकद कशात आणि त्याची दुखरी नस कोणती, हे ओळखायला पाटलाइतका लायक माणूस गावात दुसरा कोण? हक्क कशाने सिद्ध होतो, वहिवाट कशी मोडते, मुखत्यारपत्र कसे द्यायचे, ही भाषा त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जात होती. एखादा भूमिहीन सत्यशोधक कदाचित याहून कडवट बोलला असता. पण वकिलाची फी, पुण्यामुंबईच्या खेपा आणि तारखांवर तारखा यांत तो वर्षभरही टिकला नसता.

पडीक ठेवलेली शेते

१८८५ च्या सुमाराला जुन्नर भागातल्या कुळांनी संप केला. सावकार आणि जमीनमालक भरमसाट खंड मागत होते. कुळांनी नांगर खाली ठेवला आणि मालकांच्या जमिनी पडीक पाडल्या. या लढ्याच्या पुढाऱ्यांत भाऊ कोंडाजी डुंबरे पाटील होते आणि फुल्यांचा व त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांचा त्याला पाठिंबा होता. मालकांना शेवटी नमते घ्यावे लागले.

आता नुसत्या भावनेने हा संप समजत नाही. कूळ मालकाची जमीन पेरत नाही म्हणजे स्वतःच्या ताटातला अर्धा घास सोडते. हंगाम चुकला की वर्ष गेले. गिरणीतला संप आज मोडला तर उद्या पाळी सुरू करता येते. शेतीतला संप मोडला तरी मृग परत येत नाही. अशा वेळी कुळाला दोन गोष्टी हव्या असतात: खायला दाणा, आणि ‘मीही मोडणार नाही’ असा शेजाऱ्याचा भरवसा. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मीळ. एकजण मोडला, त्याने गुपचूप खंडाचा कागद केला की सगळे कोसळते. हा भरवसा चावडीवर ठरतो आणि चावडीवर शब्द चालतो तो पाटलाचा. इथे पाटलाचा ‘धाक’, ज्याची चित्रपट चेष्टा करतात, तो कुळांच्या उपयोगी पडला असे मला वाटते. तेच हत्यार, धार उलट्या बाजूला.

पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तुलना केली की फरक उघड होतो. २ एप्रिल १८७० ला स्थापन झालेल्या त्या सभेच्या मागे सरदार होते, इनामदार होते, सावकार होते. त्यांनी शेतकऱ्यांसाठी अर्ज लिहिले, चौकश्या केल्या, दुष्काळात सारा सूट मागितली. हे काम लहान नव्हे, सभेतल्या रानड्यांच्या अभ्यासाला तोड नव्हती. पण अर्जाचा रोख नेहमी सरकारकडे असायचा, सावकाराकडे क्वचित. सभेतल्या जमीनदाराचे उत्पन्न खंडातून यायचे. ओतूरचा पाटील स्वतःच्या बैलांवर शेती करणारा होता. दोघांनाही आपण ‘जमीनदार’ म्हणतो आणि तिथेच चुकतो.

घाटमाथ्याची बाजू

याच पट्ट्याच्या पश्चिमेला एक दुसरे बंड झाले. घोड नदीच्या वरच्या अंगाला, आजच्या आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा महादेव कोळी होन्या भागोजी केंगले १८७३ पासून सावकारांवर तुटून पडला. घरे लुटली, वह्या जाळल्या, सावकारांची नाके कापली. १८७६ मध्ये पोलीस अधिकारी मेजर डॅनियल याने त्याला पकडले.

तारखा शेजारी ठेवा. सत्यशोधक समाज १८७३, होन्याचे बंड १८७३. शत्रू एकच, सावकार. अंतर एका दिवसाच्या चालीचे. एकीकडे मुखत्यारपत्र, दावा, संप, दुसरीकडे सुरा. हा फरक स्वभावाचा म्हणून सोडून देण्याची आपल्याला सवय आहे: कोळी रांगडे, कुणबी समंजस. ही समजूत त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांना फार सोयीची होती.

फरक जमिनीचा होता. घाटमाथ्याला वरकस जमीन, नाचणी-वरई, दर दोन-तीन वर्षांनी पालटायची शेती आणि जंगल. विहीर खणून दुसरे पीक काढायची सोय नाही. त्यातही जंगल हातचे जाऊ लागले होते. डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाचे उदाहरण इथे बोलके आहे. दापोडीच्या सरकारी बागेचा तो १८३८ पासून अधीक्षक, जुन्नरजवळ हिवऱ्यालाही त्याची बाग, आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. नव्या बियाण्यांचा आणि औषधी झाडांचा ध्यास असलेला हा माणूस, म्हटले तर खराखुरा सद्गृहस्थ बागायतदार. त्याच्या हाताखाली ज्या खात्याचा पाया घातला गेला, त्याच्या नियमांनी पुढच्या तीस वर्षांत डोंगरातल्या माणसाची कुऱ्हाड आणि राब दोन्ही गुन्ह्याच्या यादीत नेले. १८७८ च्या वनकायद्याने त्यावर शिक्का बसला. खालच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला कोर्टात न्यायला काहीतरी होते: वतन, खाते, वहिवाट. वरच्या माणसाचा हक्कच कागदावर नव्हता. कोर्टात काय न्यायचे?

आक्षेप

पहिला आक्षेप उघड आहे: हा सगळा स्वार्थ होता. भटाला हटवून पाटलाला गावात स्वतःचा वरचष्मा हवा होता. स्वार्थ नव्हता असे मी म्हणत नाही. पण स्वार्थाचा सोपा मार्ग कोणता होता? जोशाची दक्षिणा टाकून मोकळे होणे. ती काही वाडा विकायला लावणारी रक्कम नव्हती. संपात तर पाटलाला थेट लाभ कमीच. वर्षानुवर्षे कोर्टात पैसा आणि सरकारदरबारी पत घालवणे, तेही १८७४ च्या कायद्याने आपली पाटीलकी कलेक्टरच्या हातात असताना, याला नुसता स्वार्थ हे नाव अपुरे पडते.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. श्रेय पुण्याचे, ओतूरने फक्त पाऊल उचलले. कल्पना पुण्याची होती यात वाद नाही. पण ‘दीनबंधु’ १ जानेवारी १८७७ ला सुरू करणारे भालेकर भांबुर्ड्याचे आणि लग्न लागलेले हडपसर बागायतीचे. समाजाचा नकाशा काढला तर तो भाजीपाला आणि धान्य पुण्याला नेणाऱ्या गाड्यांच्या वाटांशी बराचसा जुळतो. विचार वर्तमानपत्रातून येतो. तो मुक्कामाला कुठे थांबतो हेही पाहायला हवे.

तिसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. अशा बंडात बायका कुठे आहेत? ज्याच्या जमिनीने बंड परवडले, ती जमीन मुलाच्या नावावर जात होती. लग्न भटाविना लागले, हुंडा-मानपानही कमी झाले असेल. पण जमिनीच्या खात्यावरचे नाव बदलले नाही. सावित्रीबाई ओतूरहून पत्र लिहीत होत्या त्याच गावात पाटलाच्या घरची सून पेवातले धान्य मोजून देत होती. ते धान्य कोणाचे, हा प्रश्न सत्यशोधकांपैकी फार थोड्यांनी विचारला. याचे माझ्याकडे उत्तर नाही. माझा मूळ मुद्दाच हे मान्य करायला लावतो.

वतनाचा उलटा हिशेब

वंशपरंपरेने मिळालेला हक्क कामाशिवाय चालू नये, हा बाळाजी पाटलांच्या बाजूचा युक्तिवाद. तो जोशावर लागू पडला तसा तर्काने पाटलावरही पडतो आणि चावडीवर वेठ राबणाऱ्या महारावर उलट्या दिशेने पडतो: हक्क टिकू नये तशी सक्तीची चाकरीही टिकू नये. पुढच्या पिढ्यांनी हा तर्क किती दूर नेला?

उच्च न्यायालयाच्या निकालानेही जोशी वतनाचा प्रश्न पुरता मिटला नाही. तो सी. के. बोले यांच्या प्रयत्नांतून १९२६ च्या कायद्याने मिटला आणि त्यामागे ब्राह्मणेतर चळवळीचा जोर होता. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक आणले. ते ज्या कायद्यात दुरुस्ती मागत होते तो १८७४ चाच कायदा, पाटीलकीचा वारसा जपणारा. ते विधेयक त्यांना १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले. कुलकर्णी वतने १९५० मध्ये गेली. महार आणि इतर कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. मुलकी पाटलाचे पद रद्द करणारा कायदा महाराष्ट्र राज्य झाल्यावर, १९६२ मध्ये झाला. चावडीशी बांधलेल्या वतनांत पाटीलकी सर्वांत शेवटी गेली.